वीज घोडीचं खोगीर

सुमे, माझ्या कुठल्याही प्रयोगाला जमली नाही एवढी गर्दी तुझ्या शोकसभेला जमली होती, आणि हे मला अजिबात आवडलेलं नाही.

मी इतकी वर्षं शहाडपासून बदलापूरपर्यंतच्या शाळांमधून इतिहासाच्या गोष्टी सांगत फिरतोय. फेटा बांधतो, तलवारीच्या जागी फळ्याची पट्टी फिरवतो, घोड्याच्या टापा जिभेने वाजवतो. तरी समोर प्रेक्षक असतात ते मुख्याध्यापक मुलांना रांगेने आणून बसवतात म्हणून. तुझ्याकडे माणसं आपणहून आली. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये, पापडाच्या दुकानावरच्या त्या एका खोलीत. खोली भरली, जिना भरला, मग खाली लालचंदशेठनी पापडाचे डबे सरकवून सतरंजी टाकली, तीही भरली. फोटोतली तू नेहमीसारखी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मी अजून तोंडही उघडलेलं नाही आणि तुला माझी चूक दिसलीसुद्धा आहे, असा चेहरा.

भाषणं झाली. माझं सगळ्यांत चांगलं झालं, हे तुला दुसरं कुणी सांगणार नाही म्हणून मी सांगतो. आवाज नेमक्या जागी कापला. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी पदर डोळ्यांना लावला. आणि तेवढ्यात जिन्यावरून ऐकू आलं,

"गोमाजी फितूर नव्हताच मुळी."

"मग थैली कशाला घेतली त्याने?"

"घेतली, पण उघडली कुठे? गाठ तशीच होती ना."

"श्श. सर बोलतायत."

"सर काय, नेहमीच बोलतात."

तुझ्या शनिवारच्या वाचनवर्गातली पोरं. सगळ्यांच्या माना जिन्याकडे वळल्या, पदरवाल्या बाईंचीसुद्धा. काही जण तर हसले. माझं भाषण तिथेच संपलं. मी पुढे बोलत राहिलो, एवढंच.

गोमाजी माझा आहे, सुमे. माझ्या कादंबरीतला. मी त्याला नाव दिलं, मिश्या दिल्या, डाव्या पायाने लंगडायला लावलं. आणि तुझ्या शोकसभेत तुझी मुलं माझ्या माणसावरून भांडत होती, माझ्याकडे ढुंकूनही न बघता. हेवा हा शब्द मी आजवर गोष्टींमध्ये राण्यांसाठी वापरत आलोय. त्या दिवशी तो स्वतःला लावून पाहिला, आणि अगदी मापात बसला.

तसा तो काही नवा नाही. सातवीच्या गॅदरिंगमध्ये मी राजा होतो आणि तू विंगेत उभी राहून संवाद सांगणारी. दरबाराच्या प्रवेशात मी वाक्य विसरलो. तू ते आतून सांगितलंस, हळू, स्पष्ट, त्या राजाला खरोखर काय वाटत असेल तसं. पहिल्या रांगेला ते ऐकू गेलं आणि टाळ्या पडल्या. मी मुकुट सावरत वाकून नमस्कार केला. पण बाईंनी दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं ते "आत कोण होतं गं?" असं. त्या दिवसापासून मी तुझ्यावर डूख धरून आहे. मैत्री वेगळी, डूख वेगळा. दोन्ही व्यवस्थित चालू राहिलं, एकमेकांच्या आड आलं नाही.

मग माझी कादंबरी आली, "उल्हासकाठची पागा". बदलापुरात जुन्या काळी लांबचे स्वार घोडे बदलायला थांबायचे, ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येकाला कुणी ना कुणी सांगितलेली असते. मी तिच्यावर मुलांसाठी कादंबरी रचली. नदीकाठी एक पागा. तिथे घोड्यांची निगा राखणारा म्हातारा गोमाजी, आणि त्याच्या हाताखाली घोडे धुणारा तेरा वर्षांचा रायबा. रायबाचा बाप हरकारा होता, निरोप पोचवताना घोड्यावरून पडून गेलेला. म्हणून रायबाच्या आईने गोमाजीकडून शब्द घेतलाय की माझ्या पोराला निरोपाच्या घोड्यावर कधी बसवायचं नाही. पागेत सगळ्यांत वेगवान घोडी वीज, आणि सगळ्यांत मठ्ठ घोडी सावळी. एक दिवस भर दुपारी हरकारा येतो. किल्ल्यावर हल्ला होणार, सावध करायचंय, चांगला घोडा दे, म्हणतो. आणि गोमाजी त्याला देतो सावळी. हरकारा निघून जातो. मागे रायबाला गवतात खलिता सापडतो. पत्रच मागे राहिलेलं. रायबा विजेवर टांग टाकतो आणि आडवाटेने किल्ला गाठतो. हरकाऱ्याला मात्र शत्रूची माणसं नदीच्या उतारावर पकडतात. किल्ला वाचतो, रायबाची मिरवणूक निघते, आणि गोमाजीच्या घोंगडीत मोहरांची थैली सापडते. शेवटच्या प्रकरणात त्याला गावासमोर उभं करतात. तिथे तो छाती पुढे काढून कबूल करतो, होय, मी पैसे घेतले, मी मुद्दाम मठ्ठ घोडी दिली. गाव त्याला नदीपार हाकलून देतं.

ते कबुलीचं भाषण म्हणजे माझं हुकमी पान. अंबरनाथला ते म्हटलं की शिट्ट्या. बदलापूरला म्हटलं की शिट्ट्या. पण पुस्तक कुणी वाचत नव्हतं. गठ्ठे पलंगाखाली होते. तू आलीस, पलंगाखाली वाकलीस आणि म्हणालीस, "एवढी दे. वर्गात घेते."

मला वाटलं, मैत्रीण आहे, माझं नाव करील. मला काय ठाऊक की तू माझा माणूसच पळवून नेशील.

तुझ्या वर्गाच्या दोन रीती होत्या. एक टाक्यांची. खालच्या गल्लीत जीन्स शिवतात, तिथून तू जाड नारिंगी दोरा आणायचीस आणि प्रत्येक प्रतीचं शेवटचं प्रकरण कडेने शिवून टाकायचीस. आधीचं सगळं वाचायचं, भांडायचं, शेवट काय होईल ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं, आणि मग कात्री. दुसरी रीत पाटाची. भिंतीशी एक पाट. त्यावर जो बसेल तो पात्र. त्याने "मी" म्हणूनच बोलायचं. "तो" म्हटलं की उठायचं. "पुस्तकात लिहिलंय म्हणून" असं म्हटलं तरी उठायचं. बाकीच्यांनी हवं ते विचारायचं.

पहिल्या वर्षी तू मला लेखक म्हणून बोलावलंस. मी शाल पांघरून आलो. मुलांनी नमस्कार केला, आणि मी आल्या आल्या काय करणार? गोमाजीचं कबुलीचं भाषण केलं. पापडाच्या दुकानातलं गिऱ्हाईक वर बघायला लागलं इतक्या जोरात. टाळ्या झाल्या. तुझा चेहरा बघितला तर पांढराफटक.

"काय झालं?"

"काही नाही. टाके अजून उसवायचे होते."

"मग?"

"मग तू शेवट ओरडून सांगितलास, नाटक्या."

"मला कुणी सांगितलं होतं टाक्यांचं?"

"पुस्तकाकडे बघितलं असतंस तर दिसले असते. नारिंगी आहेत."

त्या तुकडीला तू दुसरं पुस्तक दिलंस. मला चहा दिलास, साखर न घालता. आणि मी पाटाकडे बोट दाखवून म्हणालो की निदान एकदा मला गोमाजी म्हणून बसू दे, तर तू हसलीस. "तुला नाही. तू गोमाजी करशील."

"मग पाटावर बसून दुसरं काय करायचं असतं?"

"ते मुलांना विचार."

मी नाटकात काम करणारा माणूस. मी लिहिलेलं पात्र. आणि पाटावर बसायला सहावी-सातवीतली पोरं चालतात, मी चालत नाही. लालचंदशेठची नात सिमरन चालते. ती पोरगी आधी मराठी तासाला वर्गाबाहेर उभी असायची, आणि तुझ्याकडे येऊन तिने रायबाच्या आईला असं बसवलं की म्हणे मुलं गप्प झाली. मी तिथे नव्हतो. मला लालचंदशेठनी सांगितलं, पापड बांधता बांधता. "मास्तरजी, हमारी सिमरन मराठी में झगड़ना सीख गई. दीदी ने सिखाया. अब और क्या चाहिए." माझ्याकडून त्यांची नात काय शिकली असती? टापा वाजवायला शिकली असती.

त्यानंतर आपलं भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत. तुझं म्हणणं, गोमाजी फितूर नाही. मी म्हणायचो, अगं, मी लिहिलंय, मला माहीत आहे.

"तू लिहिलंस रे. वाचलंस कुठे?"

तू पानं काढून दाखवायचीस. तिसऱ्या प्रकरणात थंडीत तो स्वतःची घोंगडी विजेच्या अंगावर टाकतो. पाचव्यात एक स्वार घोडा ऊर फुटेपर्यंत पळवून आणतो आणि गोमाजी त्या घोड्याशेजारी बसून राहतो, जेवत नाही. थैलीची गाठ शेवटपर्यंत न सुटलेली. तुझं अनुमान असं की त्याने हरकाऱ्याला सावळी दिली ती वीज मरू नये म्हणून. मी म्हणायचो, घोंगडी मी घातली ती प्रकरण छोटं पडत होतं म्हणून. तू म्हणायचीस, "तू कशासाठीही घातली असशील. थंडी विजेलाच वाजत होती ना?" याला काय उत्तर देणार माणूस? रिक्षात बसून बदलापूरला येईपर्यंत मी मनात उत्तरं जुळवायचो. एकाहून एक. सगळी वालधुनी नदी ओलांडल्यावर सुचलेली.

शेवटचं भांडण तुझ्या चिखलोलीच्या घरी. तू गॅलरीत खुर्चीत होतीस, गुडघ्यावर शाल, खाली रुळांच्या कडेला होऊ घातलेल्या स्टेशनची जागा. तुझे यजमान दिलीपराव आत पोहे करत होते. मी प्रकाशकाचा निरोप घेऊन आलो होतो, नवी आवृत्ती निघतेय, सुधारणा असतील तर कळवा. तू म्हणालीस,

"भाषण काढ."

"कुठलं?"

"कबुलीचं."

"डोकं फिरलंय तुझं. तेवढ्यासाठी तर मला बोलावतात."

"ओरडणारा माणूस घोड्यांजवळ टिकत नाही रे. जन्मभर ज्याने घोड्यांना हळू बोलून शांत केलं, तो गावासमोर छाती पुढे काढून गरजेल का? हा गोमाजी नाही, हा तू आहेस."

"मग राहू दे मला. पुस्तक माझं आहे."

"ठेवायचं तर ठेव. पण मग तो हे का बोलतोय ते मला सांग. खरं कारण. पैसे घेतले म्हणून, हे सांगू नकोस. गाठ सुटलेली नाही."

मी चिडून उठलो. पोहे आले म्हणून परत बसलो. निघताना तू स्टेशनच्या जागेकडे बघून म्हणालीस, "हे व्हायच्या आत मी जाणार, बघ." मी म्हणालो, "त्याचा वेग बघता तुला म्हातारपणही सहज काढता येईल." तू हसलीस. मग म्हणालीस,

"पुढच्या शनिवारी ये वर्गावर."

"कशाला? अपमान करून घ्यायला?"

"पाटावर बसवते तुला."

सुमे, मी त्या आठवड्यात कुर्ता इस्त्री करून ठेवला होता. घरात आरशासमोर गोमाजीचं लंगडणं पुन्हा बसवलं. त्याच्यासाठी खोकला काढला, म्हातारा, घोड्यांच्या धुळीचा खोकला. शनिवार यायच्या आधी दिलीपरावांचा फोन आला. कुर्ता तोच घातला, तुझ्या घरी यायला.

एकही गोष्ट तू कधी वेळेवर संपू दिली नाहीस. शेवट शिवून ठेवायचीस. हे मात्र अति झालं.

शोकसभेनंतर दिलीपरावांचा पुन्हा फोन. "मुलं पुस्तकं उसवायला तयार नाहीत. शाळेतल्या एक मॅडम आल्या होत्या, मी घेते म्हणाल्या, तर मुलं म्हणाली टीचरने सरांना बोलावलं होतं. याल का?"

गेलो. जिना चढताना खाली लालचंदशेठ म्हणाले, "मास्तरजी, आज ज़ोर से मत बोलना, बच्चे दुखी हैं." पाट भिंतीशी होता. शेजारी तुझी खुर्ची रिकामी. मुलांच्या मांडीवर नारिंगी टाक्यांची पुस्तकं. सिमरनने पाटाकडे हात केला. "सर, बैठो. गोमाजी."

बसलो. कंबर वाकवली, डोळे किलकिले केले, खोकला काढला. फार चांगला निघाला.

"सर, नाटक नको," ओंकार म्हणाला. हा तोच, जिन्यावर भांडणारा. "टीचर चालवून घ्यायची नाही."

खोकला बंद केला.

"थैली का घेतलीत?" ओंकारने विचारलं.

"पैशाचा मोह झाला."

"मग गाठ का नाही सोडलीत?"

"वेळ मिळाला नाही."

"संक्रांतीला घेतलीत. होळीला सापडली."

मुलं हसली. मी पाटावर जरा सरकून बसलो. तुझं उत्तर आठवलं, ते द्यायचं नव्हतं, पण जवळ दुसरं नव्हतं. म्हणालो, "मला वीज वाचवायची होती. हरकाऱ्याने तिला पळवून मारली असती."

"मग रायबा घेऊन गेला तेव्हा ती पळालीच की," मागून एक मुलगी म्हणाली. "तेव्हा का नाही थांबवलंत?"

सुमे, हे तुझ्या उत्तराचं भोक. मला आतून असा आनंद झाला म्हणून सांगू. पण पाटावर मी होतो, आणि उत्तर मलाच द्यायचं होतं.

मग सिमरनने पुस्तक उघडलं, बोट ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "वीजवर खोगीर कुणी चढवलं?"

"काय?"

"दुपारी सगळ्या घोड्यांचं खोगीर काढून ठेवतात, असं चौथ्या प्रकरणात आहे. हरकारा गेल्यावर रायबा धावत येतो आणि सीधा टांग टाकतो. खोगीर घातलेलंच होतं. किसने डाला?"

मी लेखक म्हणून आठवून बघितलं. कुणीच नाही घातलं. रायबाला घाई होती, मलाही होती, खोगीर चढवायचं वाक्य मी लिहिलंच नव्हतं. पण हे सांगायचं तर "पुस्तकात राहिलं" म्हणावं लागलं असतं, आणि मग पाटावरून उठावं लागलं असतं. इतक्या वर्षांनी मिळालेला पाट. मी त्या दुपारी पागेत कोण कोण होतं ते मनात बघायला लागलो. रायबा नदीवर. हरकारा रांजणापाशी पाणी पितोय. आणि पागेत एकच माणूस.

"मी," मी म्हणालो.

आवाज माझा नेहमीचा नव्हता. हळू होता. मुलं पुढे सरकली.

"कधी?"

"हरकारा पाणी पीत होता तेव्हा."

"आणि खलिता? हरकारा पत्र विसरतो का?"

"विसरत नाही. सावळीवर सामान चढवताना मी काढून घेतला. गवतात ठेवला, रायबाला दिसेल असा."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं उतारावर शत्रू आहे?" ओंकार म्हणाला. "थैली देणाऱ्यांनी सांगितलं असणार. म्हणून घेतलीत थैली. कळावं म्हणून."

हे मला ओंकारने सांगितलं, मी त्याला नाही. मी फक्त मान हलवली. "हरकाऱ्याला सगळे ओळखतात. त्याला अडवणारच होते. पोराला कोण अडवतं? आणि पोर हलकं. वीज त्याला घेऊन उडाली असती."

खाली पापडाच्या पिशव्यांचा आवाज.

"मग उद्या गावासमोर हेच सांगा ना," ओंकार म्हणाला. "शाबासकी मिळेल. मिरवणूक निघेल तुमची पण."

सांगावंसं वाटलं, होय, सांगतो. तोंड उघडलंही. पण सिमरन माझ्याकडे बघत होती, आणि मला आठवलं की ही पोरगी रायबाच्या आईला घेऊन याच पाटावर बसली होती.

"रायबाच्या आईला शब्द दिला होता ना तुम्ही?" ती म्हणाली.

"हो."

"ती पण उभी असेल उद्या. तिच्यासमोर बोलणार, मैंने तेरे बेटे को भेजा?"

"नाही."

"मग काय बोलणार?"

मी पाटावर खाली बघत होतो. "थैलीचं सांगेन. पैसे घेतले म्हणेन. पोर आपलं आपण गेलं, असंच राहू दे. तिच्यापुढे मी फितूर झालो तरी चालेल, शब्द मोडणारा नको."

सिमरनने कात्री घेतली. एकेक पुस्तक उसवलं गेलं. मुलं वाचायला लागली आणि मग ओंकार ओरडला, "अरे, हेच बोलतो तो. पैसे घेतले बोलतो." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, मी काहीतरी फार मोठं केल्यासारखं. मग सिमरनने ते भाषण वाचलं. माझं भाषण, छाती पुढे काढून म्हणायचं. ते तिने खाली मान घालून वाचलं, अर्ध्या आवाजात, मध्ये मध्ये थांबत, जणू गर्दीत एकीच्या डोळ्यांकडे बघायचं टाळतोय असं. एकही शब्द वेगळा नव्हता. इतक्या शिट्ट्या घेतलेल्या त्या भाषणात एक माणूस खोटं बोलत होता आणि मला ते कधी ऐकू आलं नव्हतं. मला त्या पोरीचाही हेवा वाटला. आता तो काही तुझ्यापुरता राहिलेला नाही.

परत येताना मी रिक्षात एकटाच हसत होतो. रिक्षावाला आरशातून बघायला लागला. कारण सुमे, हे उत्तर तुझं नव्हतं. तू घोडीवर थांबलीस. घोंगडी बघितलीस, गाठ बघितलीस, खोगीर मात्र बघितलं नाहीस. भाषण काढ म्हणालीस, आणि भाषण काढलं असतं तर सगळं गेलं असतं. शेवटी एका बाबतीत तरी मी तुझ्या पुढे गेलो. आणि हे मी कुणाला जाऊन सांगू? दिलीपरावांना? त्यांनी ऐकून घेतलं, पोहे पुढे केले आणि म्हणाले, "ती असती तर मस्त भांडली असती."

प्रकाशकाला कळवलं. भाषण राहील, शब्द एकही बदलणार नाही. उद्गारचिन्हं तेवढी काढली. बरीच होती. खोगिराचं वाक्यही घातलं नाही. ते तसंच रिकामं राहू दे.

अंबरनाथच्या एका शाळेत गेल्या आठवड्यात प्रयोग होता. गोमाजीची कबुली मी हळू म्हटली, रायबाची आई जिथे उभी असेल त्या कोपऱ्याकडे न बघता. शिट्टी नाही. टाळी पण जरा उशिरा आली. खाली उतरल्यावर मुख्याध्यापिका काळजीने म्हणाल्या, "सर, आज आवाज बसलाय का? लवंग देऊ?" लवंग घेतली.

काल कॅम्प पाचला गेलो होतो. नवी तुकडी येतेय, तीच कादंबरी. मुलांनी मला दोरा आणि सुई दिली आहे. सिमरन शेजारी बसून बघत होती.

"सर, टीचरचे टाके सीधे असायचे."

"माहीत आहे."

"तुमचे उड्या मारतायत."

"माझं सगळंच उड्या मारतं. तू सांग, तो खोगिराचा प्रश्न तुला पाटासमोर सुचला की आधीच?"

मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं की तिथेच सुचला. म्हणजे निदान त्या शनिवारचं श्रेय थोडं माझ्या बसण्याला मिळालं असतं.

"आधीच," ती म्हणाली. "टीचर होती तेव्हा. मी पहिले तिला विचारला."

"मग ती काय म्हणाली?"

"बहुत देर चुप बैठी. मग हसली. बोलली, आत्ता कुणाला विचारू नको. सरांना बोलावते. ते पाटावर बसतील तेव्हा विचार."

सुई तशीच पानात अडकवून मी ठेवली. गॅलरीतलं ते भांडण, भाषण काढ नाहीतर खरं कारण सांग, आणि निघताना मध्येच दिलेलं ते आमंत्रण. तुला सगळं दिसलं होतं. मला अडवून, डिवचून, पोहे चारून तू त्या पाटाकडे पाठवलंस, आणि कारण मात्र घोडीचंच देत बसलीस.

इथेही तू माझ्या आधी, सुमे. खोगीर चढवून ठेवलं होतंस, आणि मला वाटत राहिलं की मी आपला आपणच निघालो.